नाना, तुमचा रेझिस्टर कितीचा?

दिंडोरी तालुक्यात शेतीची लाइट आली हे आधी कानाला कळतं. रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात, थंडी मी म्हणत असते, कादवाकाठच्या उसात बिबट्या आहे की नाही यावर वस्तीत दोन तट पडलेले असतात आणि दोन्ही तट गोधडीत असतात. तेवढ्यात शिवारातून एकदम घरघर उठते. एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, पंधरा विहिरी, पंधरा मोटरी, आणि एकाही विहिरीवर माणूस नाही. बटण दाबलेलं असतं ऑटोस्विचने.

ऑटोस्विच ही आमच्याकडची सर्वांत लाडकी आणि सर्वांत जास्त शिव्या खाणारी वस्तू. महावितरणचं आवाहन ठरलेलं आहे: कृषिपंपांचे ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. त्यामागचं गणित कुणालाही पटावं असं. पाच एचपीची मोटर फिरायला लागली की साधारण ७ अँपिअर घेते, पण थांबलेली असताना उठायला तिला याच्या सहापट लागतात. १०० केव्हीएच्या डीपीची ऐपत १३३ अँपिअरची. पंधरा मोटरी चालताना १०५ घेतात, म्हणजे सगळं सुखात. पण त्याच पंधरा एका क्षणी उठल्या तर सहाशेच्या वर मागतात, आणि लाइट येण्याचा क्षण तर सगळ्यांचा एकच. मग फ्यूज उडतात, तेल तापतं आणि एखाद्या रात्री डीपी बसते. डीपी बसली की पुढचे दिवस कसे जातात, हे माल काढणीला आलेल्या द्राक्षवाल्याला विचारू नये.

हे सगळं सगळ्यांना पटलेलं आहे. ऑटोस्विच काढायला हवा, यावर आमच्या डीपीवर संपूर्ण एकमत आहे. फक्त प्रत्येकाचं म्हणणं एवढंच, की बाकीच्या चौदा जणांनी काढावा.

आमच्याच डीपीवरच्या नानांची नात अकरावी सायन्सला आहे. तिला घरातली कोणतीही पेटी बंद दिसलेली खपत नाही. बंद पडलेला एक ऑटोस्विच तिने ओट्यावर आणून उघडला, तेव्हा मी तिथे चहाला बसलो होतो. आत छोटा ट्रान्सफॉर्मर, निळा रिले, पाच-सहा रेझिस्टर, पोट फुगलेला एक कपॅसिटर आणि कोपऱ्यात तीन पायांवर उभा एक काळा ठिपका.

"काका, हा बघा. सगळं हाच करतो."

बीसी ५४७. अक्षरं वाचायची तर त्याला उजेडाकडे तिरपं धरावं लागतं, सरळ धरलं तर काळ्यावर काळं. पोट अर्धगोल, पाठ सपाट, उंची अर्ध्या सेंटिमीटरची, खाली तारेचे तीन पाय. एका पायाशी डाग तडकला होता, भोवती केसाएवढी गोल चीर. नातीने ती भिंगातून मला दाखवली आणि म्हणाली, "मेलेला नाहीये हा. नुसता सुटलाय." सोल्डरिंग गन तापवून तिने नवा डाग दिला. राळेचा धूर ओटाभर पसरला आणि नानांनी सवयीने हात जोडले.

मग चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "एवढासा? अन् पाच एचपी?"

नानांचा संशय रास्त होता. पण हा काळा ठिपका मोटर ओढत नाही. पालखेडच्या कालव्यावर पाटकरी दार उचलतो तेवढंच त्याचं काम. पाणी धरणाचं, वाहणार कालव्यातून, भिजणार तुमचं वावर, आणि पाटकऱ्याचा जोर लागतो तो फक्त दारापुरता. ट्रान्झिस्टरच्या तीन पायांची नावं कलेक्टर, बेस आणि एमिटर. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून हाच क्रम. (पीएन २२२२ नावाचा त्याचा एक भाऊबंद अगदी याच अंगाचा येतो आणि त्याचे पाय बरोबर उलटे असतात. दोघांना एका डबीत ठेवणाऱ्याला देव राखो.) बेस म्हणजे पाटकऱ्याचा हात. तिथे ०.७ व्होल्ट पोचले आणि ३ मिलिअँपिअर आत गेले, की कलेक्टरकडून एमिटरकडे ३० मिलिअँपिअर सुटतात. बारा व्होल्टच्या रिलेला नेमके तेवढेच हवे असतात. रिले टक् करतो, त्या टक् वर स्टार्टरचा कॉन्टॅक्टर धाडकन बसतो आणि विहिरीतलं पाणी वर यायला निघतं. बेसवर खर्च झाले २ मिलिवॉट, मोटर घेते ३,७०० वॉट. सतरा-अठरा लाख पटींचा फरक. आमच्या तालुक्यात फार थोड्या लोकांच्या इतक्या कमी शब्दांना इतकं वजन आहे, आणि ते निवडणुकीपुरतंच.

रिलेच्या पुढचं ४१५ व्होल्टचं काम मात्र वायरमनचं. छंदाने १२ व्होल्टच्या अलीकडे राहावं, हे नातीला तिच्या आईने बजावलं आहे आणि ते योग्यच आहे.

या तीन पायांचा जन्म अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये डिसेंबर १९४७ मधला. जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी प्लास्टिकच्या पाचरीवर सोन्याचा वर्ख चिकटवला, टोकाशी तो ब्लेडने चिरला आणि ती पाचर स्प्रिंगने दाबून जर्मेनियमच्या तुकड्यावर टेकवली. नातीच्या टेबलावरचं कुठलंही सर्किट याहून नीटनेटकं आहे. त्यांचा साहेब विल्यम शॉक्ली. शोध लागला तो आपल्या हाताने नाही, हे त्याला इतकं झोंबलं, की नववर्षाच्या सुट्टीत शिकागोच्या एका हॉटेलात बसून त्याने आपला वेगळा ट्रान्झिस्टर कागदावर मांडला. पुढे बरीच वर्षं जगाने त्याच घराण्यातला वापरला. बीसी ५४७ ही त्याच घराण्यातला. १९५६ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं. शेजारच्या बागेला आपल्याआधी चांगला भाव मिळाला म्हणजे काय होतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना शॉक्ली समजायला जड जाऊ नये.

स्विच म्हणून नेमायचा तर ट्रान्झिस्टरला एकच पथ्य असतं. उघडायचं तर पूर्ण उघडायचं, मिटायचं तर पूर्ण मिटायचं. पूर्ण उघडा असताना कलेक्टर आणि एमिटरच्या मध्ये जेमतेम ०.२ व्होल्ट उरतात, त्यामुळे ३० मिलिअँपिअर वाहूनही त्याच्या अंगावर ६ मिलिवॉटच पडतात. पूर्ण मिटलेला असेल तर काहीच नाही. पण बेसला पोटभर मिळालं नाही आणि तो मध्येच अडकला, निम्मे व्होल्ट अंगावर आणि निम्मा प्रवाह अंगातून, की त्याच ६ चे ९० होतात. काम धड होत नाही आणि तापायचं मात्र पंधरा पट. म्हणून छंदवाले इथे काटकसर करत नाहीत. डेटाशीट म्हणतं की हा बेसच्या ११० ते ८०० पट प्रवाह सोडू शकतो, म्हणजे खरं तर पाव मिलिअँपिअरच्या आसपास दिला तरी भागावं. तरी द्यायचा तो दहावा हिस्सा, पूर्ण ३ मिलिअँपिअर. होकार द्यायचाच तर हात आखडून देऊ नये.

हे ऐकल्यापासून मी जरा अस्वस्थ आहे, कारण आमचा निम्मा व्यवहार त्या मधल्या पट्ट्यातच चालतो. "रविवारी जेवायला येताय ना?" "बघू." "सोसायटीची मिटिंग आहे उद्या." "सांगतो." हंगामात व्यापारी बागेत येतो, घड तळहातावर तोलतो, एक मणी तोंडात टाकतो, "उद्या गाडी लावतो" म्हणतो, आणि तो उद्या चार दिवस पुढे सरकत राहतो. घेतला असंही नाही, नाही म्हणाला असंही नाही. सर्किटमध्ये निदान जो मध्ये अडकतो तोच तापतो. इथे तापतो बागायतदार, आणि मधला थंड सावलीत बसून दुसऱ्या बागेत फोन लावत असतो.

ट्रान्झिस्टरच्या बाजूनेही एक सांगायला हवं. बीसी ५४७ मधल्या पहिल्या दोन अक्षरांना युरोपातल्या पद्धतीप्रमाणे अर्थ आहे: बी म्हणजे सिलिकॉनचा, सी म्हणजे थोड्या ताकदीचा, आवाजाच्या कामाचा. हा मुळात रेडिओ-अँप्लिफायरच्या दुनियेतला. तिथे त्याची सगळी कला मधल्या पट्ट्यातच असते. पूर्ण उघडणं नाही, पूर्ण मिटणं नाही, लताबाईंचा सूर जेवढा हलेल तेवढंच आपण हलायचं. नानांच्या माडीवर चामड्याच्या पिशवीतला जुना रेडिओ अजून आहे. त्याच्यातल्या मंडळींनी जन्मभर आकाशवाणीचे बाजारभाव आणि गाणी याच मधल्या जागेवरून ऐकवली. म्हणजे 'बघू' म्हणण्यातही एक नजाकत असू शकते. पण गवयाला दारावर उभं केलं की त्याने 'आत जा' किंवा 'जाऊ नको' एवढंच म्हणावं. तिथे त्याने आलाप घेतला तर रिले कुरकुरतो.

नातीचं पहिलं सर्किट शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातलं, पावसाची घंटी. तांब्याच्या पट्ट्यांची एकमेकांत गुंतवलेली जाळी, त्यावर थेंब पडला की पाण्यातून बेसला थोडा प्रवाह मिळतो, ट्रान्झिस्टर उघडतो, बझर ओरडतो. हे सर्किट राज्यातल्या प्रत्येक विज्ञान प्रदर्शनात असतं आणि परीक्षक त्याच्यापुढून पाणी पीत पीत पुढे जातात. पण द्राक्षाच्या गावात त्याला वेगळी किंमत आहे. गोडी छाटणीनंतर पाऊस झाला, की डावणीचा रोग येणार का, हे पान किती तास ओलं राहिलं त्यावर ठरतं. मोठ्या बागायतदारांच्या हवामान केंद्रावर पानाच्या ओलाव्याचा सेन्सर असतो, आणि त्यातल्या एका प्रकारात तीच गुंतवलेली जाळी असते. नातीने आपली जाळी वेलीच्या ओलांड्याला टांगली, पाऊस नसतानाही पहाटेच्या दवाने बझर वाजायला लागला, आणि नाना फवारणीला चार वाजता उठू लागले. काही दिवसांनी तांब्यावर हिरवा थर चढला. एकाच दिशेने प्रवाह सोडला की पाणी तांबं खातं. त्यानंतर घरात शांतता नांदू लागली. थर घासून द्या, असं नानांनी काही सुचवलं नाही.

डीपीचं काम तिने मनावर घेतलं ते दिवाळीच्या सुट्टीत. तिचं म्हणणं असं: ऑटोस्विच कुणी काढणार नाही, रात्री उठून विहिरीवर कुणी जाणार नाही, आणि बिबट्याच्या दोन्ही बाजूंचं म्हणणं लक्षात घेता ते बरोबरही आहे. तर मग ऑटोस्विचने लाइट आल्या आल्या होकार देऊ नये, थोडं थांबावं.

थांबवायला कपॅसिटर. लाइट आली की तो रेझिस्टरमधून हळूहळू भरतो, आणि भरत आला की बेसला खुणावतो. कपॅसिटरचं टोक तसंच बेसला जोडलं तर दोन भानगडी होतात. एक तर ०.७ व्होल्ट तीनेक सेकंदांतच होतात. दुसरं म्हणजे व्होल्टेज इतकं सावकाश चढतं, की ट्रान्झिस्टर त्याच मधल्या पट्ट्यात रेंगाळतो आणि रिले टक् करायच्या ऐवजी दबक्या आवाजात कण्हतो. म्हणून तिने वाटेत ६.२ व्होल्टचा झेनर डायोड घातला आणि एकाऐवजी दोन बीसी ५४७ घेतले, पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला. दोघांच्या पटींचा गुणाकार होतो आणि कपॅसिटरकडून चिमूटभर प्रवाह मिळाला तरी पुरतो. या जोडीला डार्लिंग्टन म्हणतात, बेल लॅबच्याच सिडनी डार्लिंग्टनवरून. त्याचं पेटंट १९५३ चं. असं सांगतात, की एका तुकड्यावर कितीही ट्रान्झिस्टर, असं त्याला पेटंटमध्ये लिहून हवं होतं, पण वकिलाने दोन किंवा तीन एवढंच लिहिलं. आज मोबाईलच्या एका चिपवर हजार कोटींच्या घरात ट्रान्झिस्टर बसतात, २०२० च्या आयफोनमधल्या ए१४ वर ११८० कोटी. त्या वकिलाचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, हे त्याचं नशीब.

एवढे कोटी खिशात असताना विहिरीवर पुन्हा दोन रुपयांचा दाणा कशाला, असं डीपीवरच्याच बापूंनी विचारलं. त्यावर नातीने एक छोटा कंट्रोलर बोर्ड दाखवला. त्याच्या आतही भरपूर ट्रान्झिस्टर, पण त्याच्या पायातून मिळणार ३.३ व्होल्ट आणि मोजके मिलिअँपिअर. रिले ओढायला बाहेर हाच लागतो. बापूंनी बोर्ड उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

दोन डायोडही लागले. एक रिलेच्या कॉइलवर उलटा जोडलेला १एन४००७. प्रवाह तोडला की कॉइल रागाने शेकडो व्होल्टचा तडाखा परत देते, आणि बीसी ५४७ चा धीर ४५ व्होल्टपर्यंतचाच. दुसरा डायोड लाइट गेल्यावर कपॅसिटर झटकन रिकामा करायला. आमच्याकडे लाइट जाऊन दोन सेकंदांत परत येण्याचा प्रघात आहे, आणि कपॅसिटर अर्धा भरलेला राहिला तर दुसऱ्या वेळी तो थांबतच नाही.

हिशेबही मजेदार जमला होता. कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा घेतला तर रेझिस्टर जितके किलोओहम, तितक्या सेकंदांत तो ६३ टक्के भरतो. बाराचे ६३ टक्के म्हणजे साधारण ७.६ व्होल्ट, आणि झेनर अधिक दोन बेस मिळूनही तेवढेच. म्हणजे ४७ किलोओहम लावला की ४७ सेकंद. तिने पंधराही पेट्यांत ४७ लावायचे ठरवले आणि मारुतीच्या पारावर सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग आबा म्हणाले,

"म्हणजे सगळ्यांनी सत्तेचाळीस सेकंद गप बसायचं अन् मग सगळ्यांनी एकदम उठायचं. तर मग थांबलो कशाला, पोरी?"

पार शांत झाला. नातीने सावरून घेतलं. असले कपॅसिटर छापल्यापेक्षा २० टक्के इकडेतिकडे निघतात, म्हणून कुणी ३८ सेकंदांनी उठेल, कुणी ५६ ने. माल जितका हलका तितकी डीपी सुखी, हे ऐकून बापूंचा चेहरा उजळला. पण पंधरा मोटरी अठरा-एकोणीस सेकंदांत दाटीवाटीने उठणार, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं. मग तिनेच दुसरा मार्ग काढला. बाजारात रेझिस्टर ठरावीक आकड्यांचेच मिळतात: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२, मग १००, १२०, १५०. मोजले तर बरोबर पंधरा. प्रत्येकाला एक.

इथवर हे विज्ञान होतं.

"दहाचा कुणाला?" आबांनी विचारलं.

पहिली मोटर आणि शेवटची मोटर यांच्यात अडीच मिनिटांचं अंतरही नव्हतं. तेवढ्यात विहीर आटत नाही. पण नानांची आणि आबांची विहीर एकाच झऱ्यावर आहे अशी दोघांचीही तीस वर्षांची खात्री आहे, आणि जो आधी ओढेल त्याच्याकडे झरा वळतो असं दोघांचंही मत आहे. कुणी म्हणालं, वयाप्रमाणे लावा. कुणी म्हणालं, एकराप्रमाणे. ज्यांच्या बांधावर डीपी उभी आहे त्यांनी जागेचा मुद्दा काढला. बापूंनी आडनावाच्या अक्षराप्रमाणे सुचवलं, आणि त्यांचं आडनाव आठवून सगळे हसले. कुणीतरी नव्या सौरपंपाचा विषय काढला, पण तोपर्यंत कुणाला पंपात रस उरला नव्हता. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. आबांना ३३ आला, तीन पट्टे, तिन्ही नारिंगी. ते त्यांनी शुभ मानलं. नानांच्या हातात १५० ची चिठ्ठी आली.

आठवडाभर गावात एकच चौकशी: "नाना, तुमचा रेझिस्टर कितीचा?" कितीचा ते सगळ्यांना माहीत होतं. तरी विचारत होते.

पेट्या बसवून झाल्या त्या रात्री जेवणं आटोपल्यावर नाना नातीच्या टेबलाशी आले. तिथे उरलेल्या रेझिस्टरांची डबी उघडी होती.

"तपकिरी, हिरवा, पिवळा. हा माझा ना?"

"हो नाना."

"अन् तपकिरी, काळा, नारिंगी?"

"तो दहाचा."

"दिसायला फार फरक नाही."

"नाना, सगळ्या पेट्यांना मी सील लावलंय."

नाना थोडा वेळ डबीत बोट फिरवत राहिले.

"पण सील तूच लावलंयस ना?"